बत्तीवाला आणि ट्यूबलाईट

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात रिकाम्या बरण्या साठतात ना, तसे ते साठतात. टाकवत नाहीत म्हणून राहतात, आणि एक दिवस माळा उघडावा तर सगळे अंगावर कोसळतात! आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगखाली सिमेंटचा एक बाक होता. ऐंशी-नव्वदच्या काळात त्या बाकावर आमच्या टोळक्यानं जे काही साठवलं, त्यातले निम्मे किस्से एका दीपस्तंभाचे आहेत.

ठाण्यात दीपस्तंभ नाही, हे मलाही ठाऊक आहे. तो कोकणच्या किनाऱ्यापासून चांगला आत, भर समुद्रात, एका खडकाळ बेटावर आहे. इंग्रजांच्या काळातला, काळ्या दगडाचा. पण आमचा विलास तिथं नोकरीला लागला आणि तो दीपस्तंभ आमच्या बाकावर येऊन बसला. तो बसला म्हणून मला सरकावं लागलं. या सगळ्या किश्शांत माझी जागा तीच आहे. बाकाच्या कडेला, अर्धा बाहेर.

आधीच सांगून टाकतो, मी विलासवर जळायचो. थोडाथोडका नाही, चांगला धूर निघेपर्यंत. कारण तो दीपस्तंभ खरं तर माझा होता!

*

लहानपणी आजोळी जाताना बोटीच्या डेकवर सगळी माणसं ओकत होती आणि मी आईच्या मांडीवर बसून लांबचा तो दिवा बघत होतो. दोनदा लखलख, मग काळोख. पुन्हा दोनदा लखलख, मग काळोख.

"आई, तिथं कोण राहतं?"

"बत्तीवाला."

मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं की मोठेपणी आपण बत्तीवाला व्हायचं. पुढं खरंच त्या नोकरीची जाहिरात आली, ती पेपरात मी पाहिली. विलास आमच्या शेजारच्या घरातला, माझ्याच वर्गातला. त्याला म्हटलं, "चल रे सोबतीला." सोबत म्हणून त्यानंही अर्ज टाकला.

मुलाखतीला आधी मी आत गेलो. साहेबांनी एकच प्रश्न विचारला.

"बेटावर एकटं राहावं लागतं. जमेल?"

मी तयारी करून गेलेलो. एकांताचे फायदे, मनाची शांती, माणसानं स्वतःशी कसं बोलावं... जे सुटलो ते सुटलोच. शिपाई चहा ठेवून गेला, कप उचलायला परत आला, तरी मी एकांतावरच होतो. शेवटी साहेबांनी हात जोडले.

मग विलास आत गेला. त्यालाही तोच प्रश्न. तो म्हणाला, "हो."

त्याला नोकरी लागली!

माझ्याबद्दल साहेब काय म्हणाले, ते शिपायानं बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. "ह्यांना तिथं पाठवलं तर बेट पोहत किनाऱ्याला येईल."

*

मी मग पोखरण रोडवरच्या एका कंपनीत स्टोअरला लागलो. नट, बोल्ट, वॉशर. माझं लग्न झालं. सुनंदा डोंबिवलीची. आणि लग्नाला चार महिने होतात न होतात तोच विलास पहिल्या रजेवर घरी आला.

बाकावर ही गर्दी! तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यासुद्धा खाली उतरल्या. सुनंदा चहा घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली. विलास सांगत होता. शंभर वर्षांपूर्वीची ती काचेची भली मोठी भिंगं कशी पाऱ्यावर तरंगत फिरतात, एका बोटानं ढकलली तरी कशी गरकन वळतात, खालून लाटा आपटल्या की वर ताटातली वाटी कशी हलते. बोलायला तो तसा सावकाश. तीन शब्द बोलणार, मग थांबणार. पण तो थांबला की सगळे थांबायचे.

सुनंदानं विचारलं, "भावजी, तिथं कंटाळा नाही का हो येत?"

विलास म्हणाला, "वहिनी, कंटाळा यायलासुद्धा बोट लागते. आणि बोट पंधरवड्यातनं एकदा येते."

सगळा बाक हसला. मी सोडून. मला कळलंच नाही! मला तो विनोद दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना कळला. फस्सकन हसलो आणि गाल कापला. गालाला कापूस लावून खाली उतरलो तर बाकावर हिरामण बसलेला. हिरामण आमच्याच कंपनीत मशीनवर होता, चेंदणी कोळीवाड्यातला. सुट्टीच्या दिवशी खाडीत होडी घालायचा. त्यानं विचारलं, "काय झाला रं गालाला?" मी खरं ते सांगितलं. तेच चुकलं.

"अरे, हा तं ट्यूबलाईट!" हिरामण ओरडला. "बटन आज दाबला, पेटला उद्या!"

त्या दिवसापासून विलास बत्तीवाला आणि मी ट्यूबलाईट. आईवडिलांनी माझं नाव प्रभाकर ठेवलं होतं.

पण मला टोचलं ते नाव नव्हे. विलास बोलत असताना उभी असलेली सुनंदा पुढं पायरीवर बसली होती आणि तिनं हनुवटीखाली हात घेतला होता. माझी बायको गोष्ट आवडली की हनुवटीखाली हात घेते, हे मला त्या दिवशी कळलं. लग्नाला चार महिने झाले होते, मी तिला रोज काही ना काही सांगत होतो आणि तिचा हात एकदाही तिथं गेला नव्हता. खरं खरं सांगू का तुम्हाला? त्या क्षणी मला जे पाहिजे होतं ते दीपस्तंभ, समुद्र, नोकरी काही नव्हतं. एकदा, फक्त एकदा, माझी गोष्ट ऐकताना तिचा हात हनुवटीखाली जावा.

*

विलाससाठी त्याची आई मुली बघत होती. मुलींना विलास पसंत पडायचा, बेट नाही. सुनंदाच्या मावसबहिणीचं स्थळ आलं, शैलाचं. डोंबिवलीत, फडके रोडच्या जवळ घर. मध्यस्थ म्हणून मी सोबत गेलो.

पोहे झाले. शैला छान होती. तिचे वडील जुने डोंबिवलीकर. नोकरी विचारली, शिक्षण विचारलं, आणि मग डोंबिवलीत जो प्रश्न विचारल्याशिवाय लग्न ठरत नाही तो विचारला.

"क्वार्टर्स स्टेशनपासून किती मिनिटांवर आहेत?"

विलासनं बशी खाली ठेवली. प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "भरतीला की ओहोटीला?"

पडद्यामागं शैला जी खुदकन हसली, ती थांबेचना. स्थळ मात्र तिथंच मोडलं.

बाकावर हा किस्सा वर्षभर चालला. माणसाला नकार मिळतो आणि त्याचाही बाकावर सत्कार होतो! माझं स्थळ पहिल्या फटक्यात जमलं होतं, त्याचा किस्सा कोणी ऐकून घेतला नाही. मी मात्र त्या घरात ढिम्म बसून होतो. "भरती आणि ओहोटीचा इथं काय संबंध?" असं मी येताना रिक्षात विलासला विचारलंसुद्धा. त्यानं माझ्याकडे फार प्रेमानं पाहिलं.

*

शैलाच्या घरून आल्यावर दोनच दिवसांनी आमच्या स्टोअरच्या साहेबांच्या आई वारल्या. कल्याणला घर. मी भेटायला गेलो. बैठक भरलेली, सगळे खाली माना घालून बसलेले. मीही एका कोपऱ्यात तसाच बसलो. अस्थी खाडीत सोडायच्या होत्या, त्याचं हळू आवाजात बोलणं चाललं होतं. साहेबांनी गुरुजींना विचारलं,

"मग कधी निघायचं? भरतीला की ओहोटीला?"

आणि माझी ट्यूब पेटली!

पोटातून जी उकळी आली ती आवरेना. मी पटकन रुमाल काढून तोंडावर धरला आणि मान गुडघ्यांत घातली. खांदे गदागदा हलतायत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, घशातून कसलेतरी आवाज येतायत. साहेबांची बहीण उठून आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "नका हो, नका एवढं मनाला लावून घेऊ." ती जितकं समजवायची तितका मी जास्त हलायचो. शेवटी दोघांनी धरून मला बाहेर नेलं, पाणी पाजलं.

साहेब मला दारापर्यंत सोडायला आले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "प्रभाकर, आईनं तुम्हाला एकदाच पाहिलं होतं. पण सख्खा मुलगा रडला नाही इतके तुम्ही रडलात."

पुढं त्यांच्या घरच्या प्रत्येक श्राद्धाला मला पान असायचं.

हे मी कोणाला सांगणार नव्हतो. सुनंदाला सांगावं लागलं, कारण शर्टाच्या पाठीवर साहेबांच्या बहिणीच्या हाताची, अस्थींच्या मडक्याची राख होती. ती कपाळावर हात मारून घेऊन म्हणाली, "अहो, लाज कशी वाटली नाही!" हात कपाळावर गेला. हनुवटीखाली नाही.

विलासची रजा संपायला एक दिवस होता, तेवढ्यात सुनंदानं त्याच्याजवळ चुगली केलीच. तो लगेच घरी आला. हसला नाही. समोर बसला आणि म्हणाला, "पुन्हा सांग. पहिल्यापासून." मी सांगितलं. तर म्हणे, "रुमाल कसला होता? चौकड्यांचा? साहेबांची बहीण कुठल्या बाजूनं आली?" मला वाटलं, हा आता माझी साल काढतोय. स्वतःजवळ अख्खा समुद्र आहे, तरी ह्याला माझा रुमाल कशाला हवा!

*

शैलाचं लग्न मग दुसरीकडे ठरलं, कल्याणच्या एका बँकवाल्याशी. विलास नेमका रजेवर होता. शैलाच्या वडिलांनी त्यालाही आग्रहानं बोलावलं आणि तो आलाही.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. बत्तीवाल्याला सूर्य बुडताना दुसरं काही सुचत नाही. सूर्य बुडाला की वर दिवा लागलाच पाहिजे, त्यात मागंपुढं नाही. रजेवर असला तरी विलास संध्याकाळी बोलता बोलता उठायचा, दोन पावलं चालायचा आणि मग आठवण होऊन परत बसायचा.

लग्नाचा मुहूर्त होता गोरज!

मी त्या कार्यात सकाळपासून राबत होतो. मंडपवाला, फुलवाला, आइस्क्रीमवाला, सगळं मी. शैलाचे मामा ऐन वेळी कुठंतरी अडकले, म्हणून अंतरपाटाचं एक टोक विलासच्या हातात दिलं. दुसरं टोक गुरुजींकडे. मंगलाष्टकं सुरू झाली. शैला अंतरपाटाच्या अलीकडे, बँकवाला पलीकडे. विलास मात्र खिडकीबाहेर बघतोय. शेवटचं कडवं चालू होतं, "शुभमंगल" यायला अजून अवकाश होता, आणि बाहेर सूर्य गेला.

विलासनं हातातलं टोक सोडलं आणि तो तडक भिंतीकडे चालू लागला. अंतरपाट खाली लोंबला! शैला आणि बँकवाला एकमेकांकडे बघतायत, गुरुजींच्या घशात मंगलाष्टक अडकलंय, अक्षता घेतलेले हात हवेत. तेवढ्यात खटाखट बटणं दाबल्याचा आवाज आला आणि सगळा हॉल झगझगीत उजळला.

शांततेत शैलाची आत्या म्हणाली, "बरं झालं. आता नीट दिसला तरी!"

हसता हसता अक्षता सांडल्या. काही लोक अजूनही म्हणतात की विलासनं ते मुद्दाम केलं. त्याला विचारलं तर तो नुसता मान हलवतो. लग्नाची व्हिडिओ कॅसेट आली, त्यात हा प्रसंग लोकांनी मागं नेऊन नेऊन बघितला. दिवसभर राबलेला मी त्या कॅसेटमध्ये एकदाच दिसतो. म्हणजे कोपर दिसतं.

*

प्रत्येक बत्तीला स्वतःची ओळख असते, हे विलासनंच बाकावर सांगितलेलं. कोणती किती वेळा चमकते त्यावरून खलाशांना कळतं की आपण कुठं आहोत. त्याची बत्ती दोनदा लखलख, मग काळोख.

हे ऐकलं मात्र, सुनंदाच्या डोक्यात आयडिया आली. मी बाकावर बसलो की जेवायला बोलवायला तिला तीन जिने उतरावे लागायचे. तिनं जाहीर केलं, "आजपासून गॅलरीतला दिवा दोनदा लावीन आणि बंद करीन. दिसला की वर यायचं!"

म्हणजे माझ्याच गॅलरीत त्याची बत्ती! त्याच्या दिव्याच्या इशाऱ्यावर मी माझ्या घरी जेवायला जायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, दुसरं काहीतरी ठरव. ती म्हणाली, "दोनच सोपं आहे."

आता आमच्या गॅलरीत होती ट्यूब. तीही जुनी. बटण दाबलं की आधी लुकलुकायची, मग विझायची, मग विचार करायची. कुठली दोनदा आणि कुठलं काय! मी एकदा लुकलुकली की धावत वर जायचो, तर कुकरची शिट्टीसुद्धा झालेली नसायची. कधी ताट वाढून थंड व्हायचं आणि मी खाली ट्यूबकडे बघत बसलेलो असायचो.

विलासनं रजेवर आला तेव्हा हा प्रकार पाहिला. बराच वेळ त्या ट्यूबकडे मान वर करून बघत राहिला. मग सुनंदाला हाक मारून म्हणाला, "वहिनी, ह्या बत्तीची ओळख एकच. लागेल तेव्हा लागेल!"

सुनंदा गॅलरीत कठड्याला धरून हसली. या वेळी मला लगेच कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

पण खरी मजा पुढंच आहे. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांनी ही पद्धत उचलली. आणि एका संध्याकाळी वीज गेली, आली, गेली, आली, गेली. अख्ख्या बिल्डिंगचे दिवे दोनदा लखलख आणि मग काळोख! बाकावरचे झाडून सगळे पुरुष एकदम उठले आणि जिन्याकडे धावले. मी एकटाच बसून होतो. आमची ट्यूब अजून पहिल्यांदाच लागायची होती.

*

नव्वदनंतर घोडबंदर रोडला टॉवर उठायला लागले. मला वाटलं, आता आपली पाळी. एका नव्या बिल्डिंगची पाटी वाचली, "खाडीचं दर्शन!" बस्स. बेट नाही तर नाही, निदान खिडकीतून पाणी. सगळ्यांना घेऊन गेलो. सुनंदा, हिरामण, आणि रजेवर आलेला विलास. मुद्दाम त्यालाच घेऊन गेलो!

लिफ्ट नव्हती. धापा टाकत सातव्या मजल्यावर चढलो. तिथं भिंतीही पुऱ्या झाल्या नव्हत्या. मी हात लांब करून दाखवलं, "ते बघा!"

हिरामणनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. त्याचा जन्म त्या पाण्यावर गेलेला. म्हणाला, "भाऊ, त्यो नाला हाय. खारी तं बिल्डिंगच्या पाठी हाय."

मी विलासकडे पाहिलं. तो आता काय बोलणार म्हणून अंग चोरून उभा होतो. तो इतकंच म्हणाला, "जागा छान आहे. इथं बत्ती लावली तर डास चुकणार नाहीत."

येताना बसमध्ये त्यानं मला हळूच विचारलं, "वॉचमन तुला वर जाताना काय म्हणाला रे? हेल्मेट घाला म्हणाला, तेव्हा तू काय म्हणालास?" मी वैतागून सांगितलं, "मी म्हटलं, स्कूटर आणली नाही." विलासनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

सगळ्या ठाण्यात दुसरं कोणी भेटत नाही का ह्याला?

*

विलासचं लग्न काही झालं नाही. मधे त्याच्या बदल्या झाल्या आणि तो फिरून त्याच बेटावर मुख्य होऊन गेला. जाताना म्हणाला, "ह्या दिवाळीनंतर तुम्ही सगळे या. परवानगी मी काढतो." सुनंदानं तिथल्या तिथं हो म्हटलं. हिरामण म्हणाला, "एवरी वर्सां बत्ती बत्ती ऐकतंय, एकदाची बगून येऊ." मी नाही म्हणणार होतो. ज्या घरात आपण राहायला हवं होतं त्या घरी पाहुणा म्हणून कशाला जायचं? पण लहानपणचा तो दिवा डोळ्यांसमोरून हलेना.

बोट बंदरातून निघाली आणि मी ओकायला लागलो. ते किनारा दिसेनासा होऊन बेट दिसायला लागेपर्यंत. हिरामण माझी पाठ चोळत म्हणाला, "भाऊ, तुना ती नोकरी नाय लागली, ह्यो समुद्रावर उपकार झाला."

बेट जवळ आलं. काळा खडक, त्यावर काळा मनोरा, वर काचेची खोली उन्हात चमकत होती. मी ओकायचा थांबलो. इतका देखणा होता तो, की मला रडू आलं. या वेळी खरंच रडलो, तर सुनंदाला वाटलं मी हसतोय.

धक्क्यावर विलास उभा होता. त्याच्याबरोबर तिथले जुने सावंतकाका आणि दोन मदतनीस. विलास बोट बांधायला वाकला. सावंतकाकांनी मला हात देऊन वर घेतलं आणि विचारलं, "नाव काय तुमचा?"

"प्रभाकर."

सावंतकाकांनी माझा हात सोडलाच नाही. वळून ओरडले, "अरे, इलो रे! प्रभाकर इलो!"

दोघं मदतनीस धावत आले. एकानं वाकून माझ्या खिशाकडे पाहिलं. "रुमाल तोच काय हो? चौकड्यांचो?"

दुसरा म्हणाला, "हेल्मेट नाय आणलात?" आणि दोघं तिथंच खडकावर बसून हसायला लागले.

मी विलासकडे पाहिलं. तो बोटीच्या दोरीला गाठ मारत होता. मारलेली गाठ सोडून पुन्हा मारत होता.

दुपारी जेवणं झाली. आम्ही सगळे खोलीत बसलो आणि सावंतकाकांनी सुरुवात केली. मुलाखतीपासून! साहेबांनी हात कसे जोडले, शिपाई कप न्यायला कसा परत आला. मग गाल कापला तो. मग कल्याण. साहेबांची बहीण कुठल्या बाजूनं आली, पाठीवरून हात कसा फिरवला, सगळं जिथल्या तिथं. मला ठाऊक होतं तरी मी ऐकत राहिलो. कारण असं कोणी मला सांगितलंच नव्हतं. हा माणूस कोण, असं मलाच वाटायला लागलं. भारी होता!

"ह्यो रजेवरसून इलो की आमचे दोन दिवस नुसतो प्रभाकर," सावंतकाका म्हणाले. "आणि सांगता सांगता वैतागता कसो! म्हणता, सगळा त्या प्रभाकराच्याच वाटेक येता. माका हय नुसतो समुद्र! जळता हो तो तुमच्यार."

"काका, भरती झाली की बघा जरा," विलास म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

मी हळूच सुनंदाकडे पाहिलं. ती उंबऱ्याशी बसली होती. पुढं झुकलेली, डोळे सावंतकाकांवर, ओठ किंचित उघडे. हात हनुवटीखाली.

मी हललो नाही. हललो तर तिचा हात खाली येईल, असं वाटलं.

संध्याकाळ झाली. सूर्य टेकला तसा विलास मनोऱ्याच्या जिन्यावरून दिसेनासा झाला. वर बत्ती लागली, दोनदा लखलख, मग काळोख. खाली आमच्या खोलीत अंधार पडायला लागला. सावंतकाका आत मासे तळत होते. तिथूनच ओरडले,

"रे, प्रभाकर लाव रे!"

मी चटकन उठलो. "काय लावू काका?"

खोलीतले दोघं मदतनीस एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यातला एक उठला, माझ्या शेजारून गेला आणि त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं. छताखालची जुनी ट्यूब लुकलुकली. विझली. पुन्हा लुकलुकली. पुन्हा विझली. सगळे माना वर करून बसलेले. मग तिनं बराच विचार केला आणि लागली.

"लागेल तेव्हा लागेल!" सगळे एका सुरात ओरडले. सुनंदाचा आवाज सगळ्यांत मोठा.

हसणं ओसरल्यावर मी सावंतकाकांना म्हटलं, "काका, हिचा स्टार्टर गेलाय. बदलत का नाही?"

सावंतकाका झारा हातात घेऊन दारात आले.

"नवो स्टार्टर कधीचो आणून ठेवलेलो हा," ते म्हणाले. "पण ह्यो विलास लावूक देणा नाय!"